तांबड्या मातीतून हेलसिंकीपर्यंत
ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांची जीवनकथा

दिल्लीच्या उत्तरेस जी लांबट टेकडी पसरली आहे, तिच्या आश्रयाने वसलेल्या एका भागास ‘हिंदूराव’ असे नाव आहे. तेथील मोठे रुग्णालयही याच नावाने ओळखले जाते. तेथे उपचारासाठी येणाऱ्या असंख्य माणसांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, हे नाव एका मराठी सरदाराचे आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर ते दिल्लीत येऊन राहिले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यानंतर त्याचे टेकडीवरील घर हिंदूरावांच्या मालकीचे झाले. पुढे १८५७ च्या संग्रामात याच घराभोवती घनघोर लढाई झाली. घराचा धनी काळाच्या उदरात गेला. नाव मात्र राहिले.

कोल्हापूरच्या मुलखाशी नाते सांगणारे दुसरेही एक नाव दिल्लीने आपल्या अंगावर धारण केले आहे. यमुनेच्या काठी असलेल्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात कुस्तीचे एक भव्य सभागृह आहे. २०१० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी ते बांधण्यात आले आणि त्यास खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव देण्यात आले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा मल्ल. हिंदूरावांचे नाव दिल्लीत राहिले ते वैभवामुळे. खाशाबांचे नाव तेथे पोहोचले ते घामामुळे. आणि पोहोचावयास त्यास अठ्ठावन्न वर्षे लागली. या दीर्घ प्रवासाची कहाणी आपल्या घरातील मुलामुलींनी अवश्य ऐकावी अशी आहे.

गोळेश्वरचा मुलगा

सातारा जिल्ह्यात कृष्णा आणि कोयना यांचा जेथे संगम होतो, त्या कऱ्हाड शहराच्या शेजारीच गोळेश्वर हे लहानसे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात अंगाला माती लागणे हा मुलांचा अपराध नव्हता, उलट तो शिक्षणाचाच एक भाग होता. अक्षरे गिरवण्याच्या वयात या मुलास वडिलांनी आखाड्यात उतरविले.

शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. ते दिवस स्वातंत्र्यलढ्याचे होते आणि सातारा जिल्हा तर बेचाळीसच्या आंदोलनात धगधगत होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे अशी कामे या विद्यार्थ्यानेही केली. पुढे हेलसिंकीस तिरंगा फडकताना पाहणाऱ्या या मल्लाच्या मनात त्या झेंड्याविषयीचे प्रेम शाळेतच रुजले होते.

शाळा संपवून खाशाबा कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात आले. कुस्तीच्या दृष्टीने कोल्हापूर म्हणजे तीर्थक्षेत्रच होय. राजर्षी शाहू महाराज हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील. म्हणजे दिल्लीच्या हिंदूरावांच्याच कुळातले. त्यांनी गावोगावच्या मल्लांना राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ साली खासबागेचे प्रचंड कुस्ती मैदान बांधून घेतले. हजारो प्रेक्षकांना कोठूनही बसले तरी मध्यभागीचा हौदा दिसावा, अशी त्याची रचना आहे. अशा शहरात बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक खाशाबांना लाभले.

महाविद्यालयातील एक हकीकत आजही सांगितली जाते. वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी नाव देण्यास खाशाबा गेले असता, त्यांची जेमतेम साडेपाच फूट उंची आणि किरकोळ देहयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांस परत पाठविले. मुलगा निराश होऊन वसतिगृहात जाऊन बसला नाही. तो सरळ प्राचार्यांकडे गेला आणि त्याने संधी मागितली. संधी मिळाली, आणि एकामागून एक मोठे मल्ल त्याने चीत केले. अंगापेक्षा डाव मोठा असतो, हे त्या दिवशी सर्वांच्या ध्यानी आले.

माती आणि गादी

खाशाबांच्या यशाचे मोल समजावयाचे असेल, तर आपली देशी कुस्ती आणि ऑलिंपिकमधील कुस्ती यांतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. आपल्या आखाड्यातील तांबडी माती चाळून, तेल, ताक, हळद घालून मुरविलेली असते. तिच्यात अनवाणी पाय रुततो आणि मल्लास आधार मिळतो. कुस्ती बहुधा चितपटीवर ठरते. पाठ मातीला टेकली की निकाल लागला. दोन तुल्यबळ मल्ल तासन् तास एकमेकांस अजमावीत राहिले तरी प्रेक्षक कंटाळत नाहीत.

ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवर होते. गादी पायाखाली निराळीच लागते. पायांत बूट असतात. वेळ ठरलेला असतो. त्या काळी एक लढत पंधरा मिनिटांची असे. तेवढ्यात कोणी चीत झाला नाही, तर पंच आपला कौल देत. शिवाय प्रत्येक मल्लाच्या खात्यावर दोषगुण मांडले जात. प्रतिस्पर्ध्यास चीत केले तर दोषगुण शून्य, केवळ पंचांच्या कौलाने जिंकले तरी एखादा दोषगुण पदरी पडे, हरल्यास अधिक. दोषगुणांची ठरावीक मर्यादा ओलांडली की मल्ल स्पर्धेतून बाद. म्हणजे नुसते जिंकून भागत नसे; कसे जिंकले यालाही महत्त्व होते.

लहानपणापासून मातीत वाढलेल्या मुलास हे सारे नवे होते. पोहणे नदीत शिकावे आणि परीक्षा समुद्रात द्यावी, तसाच हा प्रकार. खाशाबांचा हातखंडा डाव होता ‘ढाक’. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात बगलेत घट्ट धरून, आपल्या कमरेवरून त्यास क्षणार्धात पलीकडे फेकावयाचे, असा तो डाव. सुदैवाने ढाक मातीवर जितका चालतो, तितकाच गादीवरही चालतो. मात्र त्यास विलक्षण चपळाई लागते. खाशाबांजवळ ती होती.

लंडन, १९४८

भारत स्वतंत्र झाल्यावर पहिलेच ऑलिंपिक लंडन येथे १९४८ साली भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा बोटीने विलायतेस निघाले. बावन्न किलोच्या गटात त्यांना उतरावयाचे होते. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाने त्यांस गादीवरील कुस्तीचे धडे दिले. थोड्या दिवसांच्या शिकवणीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला अवघ्या काही मिनिटांत हरविले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही नमविले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. अखेरीस ते सहावे आले.

जगात सहावा येणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि खाशाबांना तिचा आनंद वाटण्याऐवजी हुरहुर लागली. आपण कमी पडलो ते बळात नव्हे, तर गादीच्या सरावात, हे त्यांनी ओळखले. परत येताच त्यांनी मेहनतीचा ताव वाढविला. जोर, बैठका, दोरीवर चढणे आणि रोजची झुंज असा चार वर्षांचा क्रम चालला. वजनाचा गटही त्यांनी बदलला आणि सत्तावन्न किलोच्या गटाची तयारी आरंभिली.

घर गहाण पडले

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे भरावयाचे होते. तेथे जाण्यापूर्वीच खाशाबांना दोन कुस्त्या खेळाव्या लागल्या आणि त्या दोन्ही आखाड्याबाहेरच्या होत्या.

पहिली निवडीची. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याशी झालेल्या लढतीत खाशाबा एका गुणाने हरले असा निकाल लागला. हा निकाल न्याय्य नाही, असे खाशाबांचे म्हणणे होते. नशिबास दोष देत घरी बसण्याऐवजी त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांस कुस्तीची जाण होती. त्यांनी पुन्हा लढत ठरविली आणि त्या लढतीत खाशाबांनी निर्विवाद विजय मिळविला. हेलसिंकीचे दार उघडले.

दुसरी कुस्ती पैशाची. निवड झाली तरी खर्चाची सोय नव्हती आणि सरकारकडून वेळेवर पुरेसे साहाय्य मिळेना. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. खाशाबा झोळी घेऊन दारोदार फिरले. तरीही रक्कम अपुरीच पडली. अशा वेळी कोल्हापूरचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले आणि त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या काळात शिक्षकाच्या आयुष्यभराच्या कमाईतून उभे राहिलेले घर ही केवढी मोठी ठेव असेल! पदक मिळेल याची हमी कोणी दिली नव्हती. विद्यार्थी परत येऊन कर्ज फेडू शकेल की नाही, हेही सांगता येत नव्हते. तरीही त्या गृहस्थांनी, आणि अर्थातच त्यांच्या कुटुंबाने, हा धोका पत्करला. कोणत्याही पदकाच्या पाठीमागे असे एखादे कुटुंब उभे असते. फक्त त्याचे नाव पदकावर कोरलेले नसते.

विश्रांतीचा अर्धा तास

हेलसिंकीत खाशाबांनी प्रारंभ झोकात केला. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला त्यांनी वेळ संपत आली असताना चीत केले. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला तर त्याहून पुष्कळच लवकर आस्मान दाखविले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झबरोबरची लढत अटीतटीची झाली; तिन्ही पंचांचा कौल एक नव्हता, पण बहुमत खाशाबांच्या बाजूने पडले.

आता उरले होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह. दोघेही आपल्या देशाचे नामांकित मल्ल. यांच्यासमोर खाशाबांचा निभाव लागला नाही. परंतु या पराभवामागे एक खंत आहे आणि ती पुढे अनेक वर्षे बोलली गेली. जपानी मल्लाशी दीर्घ झुंज देऊन खाशाबा दमून बसले असतानाच त्यांना पुढच्या लढतीसाठी गादीवर बोलाविण्यात आले. दोन लढतींच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो नियम पुढे करून हरकत घ्यावयास त्या क्षणी तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. भाषा परकी, माणसे परकी. थकलेले शरीर घेऊन खाशाबा पुन्हा उभे राहिले.

अखेर इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य पदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. त्याच स्पर्धेत कोल्हापूरकडचेच केशव मानगावे वरच्या गटात चौथे आले; पदक त्यांच्या हातून थोडक्यात निसटले. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने हॉलंडला सहा विरुद्ध एक गोलाने नमवून सुवर्णपदक जिंकले आणि देशभर त्याच विजयाचा गजर झाला.

पॅरिस येथे १९०० साली कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात दोन रौप्यपदके मिळविली होती, हे खरे. परंतु स्वतंत्र देशाचा नागरिक म्हणून एकट्याच्या बळावर पदक जिंकणारे पहिले भारतीय खाशाबाच होत.

परक्या मैदानावर उतरलेल्या खेळाडूंची कथा इतर देशांतही घडली आहे. ऑस्ट्रेलिया हा ऊन आणि समुद्र यांचा देश. बर्फाशी त्याचा संबंध बेताचाच. त्या देशाचा स्टीव्हन ब्रॅडबरी बर्फावरील आखूड धावपट्टीच्या स्केटिंग शर्यतीत उतरत असे. १९९४ साली त्याच्या संघाने कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी दुसऱ्याच्या स्केटचे धारदार पाते मांडीत घुसून तो मरणाच्या दारी पोहोचला. २००० साली त्याच्या मानेचे हाड मोडले. तरीही २००२ साली सॉल्ट लेक सिटीत एक हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत तो उभा होता. पाच जणांत तो सर्वांत मागे. परंतु शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांवर आदळून पडले आणि मागून येणारा ब्रॅडबरी सुवर्णपदकाचा धनी झाला. दक्षिण गोलार्धास हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले सुवर्ण. लोक त्यास नशीब म्हणाले. पण बारा-तेरा वर्षे बर्फावर टिकून राहिल्यावाचून ते नशीब त्याला भेटलेच नसते. दैव कधी शेवटच्या वळणावर सर्व काही देते, तर कधी विश्रांतीचा अर्धा तासही देत नाही. खेळाडूच्या हाती एवढेच असते की, त्या घडीला आपण तेथे तयारीनिशी उभे असावे. खाशाबा तसे उभे होते.

बैलगाड्यांची मिरवणूक

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनावर माणसांचा पूर लोटला होता. ढोल, लेझीम आणि गुलाल यांच्या गजरात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासात कापले जाणारे गोळेश्वरचे अंतर कापावयास त्या दिवशी सात तास लागले, असे जुनी माणसे सांगत. दिल्ली-मुंबईच्या दरबारी गौरव होवो न होवो, गावाने आपल्या लेकाला डोक्यावर घेतले.

सत्कार संपले, हार वाळले, तेव्हा खाशाबांना पहिली आठवण झाली ती गहाण पडलेल्या घराची. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः कुस्त्या खेळले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिक पदकाइतकाच हाही पराक्रम मोठा आहे, असे आम्हांस वाटते. पदक जगाला दिसले. कर्जफेड दोन घरांनाच दिसली.

खाकी वेषातील मल्ल

पदकाने पोट भरत नाही. खाशाबांना नोकरीसाठी वाट पाहावी लागली. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. तेथे खात्याच्या कुस्तीस्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुण शिपायांना व्यायामाचे व कुस्तीचे शिक्षण दिले आणि सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हक्काचे निवृत्तिवेतन मिळविण्यासाठीही त्यांना झगडावे लागले, ही गोष्ट लिहिताना लेखणी संकोचते; परंतु ती लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा क्रीडाज्योत घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना मान देण्यात आला. पन्नाशी ओलांडलेल्या त्या मल्लाच्या हाती ज्योत होती आणि पाठीशी तीस वर्षांची जवळजवळ विस्मृतीच होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, एका रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

उशिरा उमटलेली मोहोर

सन्मान आले, पण उशिरा. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. त्यानंतर २०१० साली दिल्लीतील सभागृहास त्यांचे नाव मिळाले. हयातीत त्यांना पद्म सन्मान लाभला नाही. दरम्यान देशास दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास चव्वेचाळीस वर्षे जावी लागली. १९९६ साली ॲटलांटा येथे लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले तेव्हा कोठे खाशाबांचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले. कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी तर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत थांबावे लागले.

त्यानंतर मात्र पाट वाहू लागला आणि त्याचा उगम बव्हंशी दिल्ली व हरियाणाच्या आखाड्यांत होता. हिंदूरावपासून जवळच, रोशनआरा बागेच्या बाजूला गुरू हनुमान यांची प्रसिद्ध बिर्ला व्यायामशाळा आहे. मातीवरच्या मल्लांना गादीवरच्या कुस्तीची वाट दाखविण्यात तिचा मोठा वाटा आहे. उत्तर दिल्लीच्याच छत्रसाल मैदानावर घडलेल्या रवी दहिया यांनी टोकियोत रौप्य, तर अमन सेहरावत यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्य पदक मिळविले. या दोघांचाही गट होता सत्तावन्न किलोचा, म्हणजे १९५२ साली ज्या वजनात खाशाबा लढले, त्याच वजनाचा. पॅरिसलाच कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले आणि महाराष्ट्राची बहात्तर वर्षांची प्रतीक्षा संपविली.

आजच्या खेळाडूबरोबर मार्गदर्शक असतो, वैद्य असतो, आहारतज्ज्ञ असतो आणि नियमांचे पुस्तक तोंडपाठ असलेला अधिकारीही असतो. हे सारे योग्यच आहे. हेलसिंकीच्या त्या सभागृहात असा एक मनुष्य खाशाबांच्या शेजारी उभा असता, तर त्या पदकाचा रंग कदाचित निराळा झाला असता. मुलाच्या अंगी गुण असणे पुरेसे नसते. त्याच्या बाजूने बोलणारे कोणीतरी ऐन वेळी हजर असावे लागते. घरात, शाळेत, गावात आणि शासनात हे ‘कोणीतरी’ होण्याचे काम तुमचे-आमचे आहे.

दिल्लीस गेलात, तर लाल किल्ला आणि राजघाट आपण पाहालच. वाट थोडी वाकडी करून यमुनेकाठच्या त्या सभागृहावरील पाटीही मुलांना दाखवावी. आणि पाटीवर ज्याचे नाव नाही, त्या घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांची गोष्ट तेथेच उभे राहून त्यांना सांगावी.